पायथनच्या >>> प्रॉम्प्टवर चार ओळी एकत्र कशा टाकायच्या? सतत येणारे प्रश्न

पायथन शिकायला बसलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात इथे अडकतोच, आणि मग मला स्क्रीनचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो येतो, खाली "सर हे काय होतंय" एवढंच. त्या सगळ्या फोटोंची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. एक आधी सांगतो, खालचा कोड मी देवनागरीत लिहिलाय, म्हणजे आपण वर्गात मोठ्याने वाचतो तसा. टाइप करताना फॉर, इफ, डेफ, प्रिंट असे पायथनचे स्वतःचे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाका. नाव, यादी असली व्हेरिएबलं मात्र मराठीत टाइप केली तरी खरंच चालतात, त्याबद्दल शेवटी.

>>> होतं, अचानक ... यायला लागलं. काही बिघडलं का?

काही नाही बिघडलं. >>> म्हणजे "बोला", ... म्हणजे "हं, पुढे?". तुम्ही शेवटी कोलन असलेली ओळ टाकली की पायथनला कळतं की वाक्य अर्धं आहे, मग तो पुढचं ऐकायला थांबतो. ते तीन टिंब तुम्ही टाइप करायचे नसतात (हो, करतात लोक) आणि ते कोडचा भागही नसतात.

>>> फॉर नाव इन यादी:
...     प्रिंट(नाव)
...

सगळं बरोबर लिहिलंय, एंटर मारलं, तरी रन होत नाही, परत ... च येतंय.

अजून एकदा एंटर मारा. ... समोर काहीही न लिहिता. झालं.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर एवढंच. मी स्वतः पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ह्याच ... कडे बघत दहा मिनिटं घालवली होती, कारण घरी सगळं फाइलमध्ये लिहायची सवय, आणि परीक्षेला मशीनवर उघडून ठेवलेला होता नुसता काळा प्रॉम्प्ट. शेवटी वैतागून दोनतीनदा एंटर दाबलं आणि आउटपुट धाडकन आलं, आणि मला वाटलं मशीन स्लो आहे.

पण फाइलमध्ये तर रिकामी ओळ द्यावी लागत नाही, मग इथेच हे नाटक कशाला?

ह्याचं उत्तर नीट कळलं तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सी किंवा जावामध्ये ब्लॉक (म्हणजे इफ, लूप किंवा फंक्शनच्या पोटातल्या ओळी) संपला हे बंद होणारा महिरपी कंस सांगतो, रूबीत एंड हा शब्द सांगतो. पायथनमध्ये असं काहीच नाही, फक्त ओळ आत सरकवलेली आहे की नाही एवढंच. ही सरकवायची पद्धत एबीसी नावाच्या भाषेतून आली, गिडो व्हॅन रॉसम ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत तिच्यावर काम करायचे आणि १९८९ च्या डिसेंबरात त्यांनी पायथन लिहायला घेतली. वाचायला ही पद्धत झकास आहे, पण तिचा अर्थ असा होतो की ब्लॉक संपला हे पुढची बाहेर आलेली ओळ दिसल्याशिवाय कळतच नाही. फाइल असेल तर पुढची ओळ समोरच असते. प्रॉम्प्टवर पुढची ओळ तुमच्या डोक्यात असते.

हे बघा:

>>> इफ गुण >= ३५:
...     प्रिंट('पास')
...

इथे पायथनला काय वाटत असेल विचार करा. तुम्ही आता एल्स लिहिणार आहात? इफच्या आत अजून एक ओळ टाकणार आहात? का विषय संपला? तिन्ही शक्य आहे. आणि प्रिंट दिसल्या दिसल्या त्याने रन करून टाकलं असतं तर तुम्हाला एल्स कधी लिहिताच आलं नसतं. म्हणून ठरलंय की रिकामी ओळ म्हणजे "माझं बोलून झालं". फाइलमध्ये रिकाम्या ओळीला काही अर्थ नाही, ती नुसती डोळ्यांना आराम. प्रॉम्प्टवर तीच ओळ म्हणजे पूर्णविराम. एकच गोष्ट, दोन ठिकाणी दोन अर्थ, आणि सगळी भानगड इथूनच सुरू होते.

एल्स लिहिलं की इनव्हॅलिड सिंटॅक्स येतंय.

तुम्ही इफच्या ब्लॉकनंतर एंटर दोनदा मारलं, बरोबर? मग इफ संपलं, रन झालं, >>> परत आलं, आणि आता एकटं एल्स त्याला कळेना. एल्स, एलिफ, एक्सेप्ट, फायनली हे सगळे ... वरच लिहायचे, अजिबात स्पेस न देता, आणि मध्ये रिकामी ओळ न सोडता.

फाइलमध्ये मस्त चालणारं फंक्शन कॉपी करून प्रॉम्प्टवर पेस्ट केलं तर इंडेंटेशन एरर, अनएक्स्पेक्टेड इंडेंट. का?

कारण तुमच्या फंक्शनच्या पोटात रिकामी ओळ आहे. पेस्ट म्हणजे जुन्या (३.१२ पर्यंतच्या) पायथनच्या दृष्टीने कोणीतरी फार भराभर टाइप करतंय, बाकी काही फरक नाही. एक खरं उदाहरण बघू, हिशोबाचं फंक्शन:

डेफ एकूण(दर, नग):
    रक्कम = दर * नग

    रिटर्न रक्कम

तिसरी ओळ रिकामी. पेस्ट केल्यावर पायथन पहिल्या दोन ओळी घेतो, तिसरीला म्हणतो बरं झालं संपलं, आणि एकूण नावाचं फंक्शन तयार करून मोकळा होतो. मग येते रिटर्नची ओळ, ती चार स्पेस आत, पण आत कशाच्या? म्हणून तो ओरडतो.

खरी गंमत ह्याच्या पुढे आहे आणि ती लोक बघत नाहीत. ती एररची ओळ दुर्लक्षून तुम्ही एकूण(४०, ३) असं कॉल केलंत तर एरर येत नाही! फंक्शन आहे ना, अर्धवट का होईना. त्याच्यात रिटर्नच नाही म्हणून ते नन (पायथनचं "काहीच नाही") परत देतं, आणि नन असलं की प्रॉम्प्ट काहीच छापत नाही. म्हणजे तुम्हाला १२० दिसायला हवं तिथे गपचूप पुढचा >>> दिसतो, आणि तुम्ही अर्धा तास गुणाकारात चूक शोधत बसता. त्यामुळे पेस्ट केल्यावर वर स्क्रोल करून पहिली एरर बघा, शेवटची नाही.

क्लास पेस्ट केला की हमखास फुटतो.

फुटणारच. पेप ८ नावाची पायथनची लिहायची रीत आहे, तीच सांगते की क्लासमधल्या दोन मेथडच्या मध्ये एक ओळ मोकळी सोडा. म्हणजे शिस्तीत लिहिणाऱ्याचा क्लास जुन्या प्रॉम्प्टवर पहिल्या मेथडलाच कापला जातो, आणि गबाळं, सलग लिहिणाऱ्याचा व्यवस्थित चालतो! समजा खाते नावाचा क्लास आहे, त्यात जमा आणि काढ अशा दोन मेथड, तर जमा आत जातं आणि काढच्या डेफवर अनएक्स्पेक्टेड इंडेंट. मग काढ वापरायला गेलं की ॲट्रिब्यूट एरर.

सेम कोड मित्राच्या मशीनवर पेस्ट होतो, माझ्याकडे होत नाही. असं कसं?

दोन कारणं असू शकतात. एक, त्याच्याकडे ३.१३ किंवा पुढचं व्हर्जन असेल, ते खाली सांगतो. दुसरं जरा गमतीचं आहे. साध्या प्रॉम्प्टला ब्लॉक संपवायला *पूर्ण* रिकामी ओळ लागते, तिच्यात एखादी स्पेस किंवा कॉमेंट असली तरी तो ती रिकामी मानत नाही. मित्राच्या एडिटरने त्या मोकळ्या ओळीत चार स्पेस ठेवल्या असतील, तुमच्या एडिटरने सेव्ह करताना त्या झाडून काढल्या असतील. डोळ्याला दोन्ही फाइली सारख्याच! ह्याचा उपयोगही करता येतो, ब्लॉकच्या आत मोकळी जागा हवीच असेल तर तिथे स्पेस देऊन नुसता हॅश टाकून ठेवा.

लूप पेस्ट केला, त्याच्या लगेच खाली प्रिंट होतं, तर प्रिंटवर सिंटॅक्स एरर. प्रिंटमध्ये काय चूक?

प्रिंटमध्ये चूक नाही. हा वरच्याचा उलटा प्रकार, तिथे रिकामी ओळ नको होती, इथे हवी होती. ... चालू असताना एकदम डावीकडची नवी ओळ आली तर जुना प्रॉम्प्ट ती त्याच लूपचा भाग धरायला बघतो आणि ते बसत नाही. लूप संपल्यावर एक ओळ मोकळी सोडून मग प्रिंट.

... आल्यावर स्पेस मी द्यायच्या का तो देतो?

३.१२ पर्यंतच्या साध्या प्रॉम्प्टवर तुम्हीच द्यायच्या. चार द्या, दोन दिल्या तरी चालतं पण मग सगळीकडे दोनच. टॅब आणि स्पेसची खिचडी करू नका, टॅब एरर येते आणि डोळ्यांनी ती पकडता येत नाही. काहीच दिलं नाही तर "एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक" येतं, ते निदान स्पष्ट बोलतं. ३.१३ पासून कोलननंतर तो आपोआप आत सरकतो.

आयडलमध्ये (पायथनबरोबर येणारी कोड लिहायची खिडकी) तर ... दिसतच नाहीत.

म्हणजे तुमचं आयडल जुनं आहे, ३.१० पासून डाव्या पट्टीत >>> आणि ... दोन्ही दिसतात. जुन्या आयडलमध्ये मात्र एल्स लिहायचं तर ते अगदी डाव्या कडेला, >>> च्या बरोबर खाली न्यावं लागायचं. दिसायला ते इफच्या खाली यायचंच नाही, म्हणून पोरं ते ओढून इफच्या खाली आणायची आणि एरर खायची. मला विचाराल तर ह्या एका गोष्टीने जितक्या जणांचा पायथनवरचा विश्वास उडवला तितका कशानेच नाही.

आयडलमध्ये अजून एक एरर येते, "मल्टिपल स्टेटमेंट्स फाउंड व्हाइल कंपायलिंग अ सिंगल स्टेटमेंट". म्हणजे तुम्ही एका >>> समोर दोनतीन वेगळी वाक्यं एकदम पेस्ट केलीत. तिथे एका वेळी एकच. त्यापेक्षा फाइल मेनूतून न्यू फाइल घ्या, तिथे पेस्ट करा, एफ ५ दाबा.

... मध्ये अडकलोय, काहीही टाइप केलं तरी बाहेर पडता येत नाही.

कंट्रोल सी. कीबोर्ड इंटरप्ट असं काहीतरी येईल आणि >>> परत मिळेल, घाबरू नका, आधीची व्हेरिएबलं जागच्या जागी असतात. कंट्रोल डी नको, लिनक्स आणि मॅकवर रिकाम्या >>> वर त्याने अख्खा पायथनच बंद होतो (विंडोजवर त्यासाठी कंट्रोल झेड आणि एंटर).

दोनदा एंटर मारूनही ... जात नसेल तर नक्की कुठेतरी कंस उघडा राहिलाय किंवा तिहेरी अवतरण बंद केलेलं नाही. कंस उघडा असेल तर रिकाम्या ओळी कितीही द्या, त्याला फरक पडत नाही, तो कंस बंद व्हायची वाट बघत बसतो. मायएसक्यूएलमध्ये सेमीकोलन विसरलं की -> येत राहतं ना, अगदी तसंच.

मग कंसाचा हा गुण मुद्दाम वापरता येईल का?

येईल की! लांबलचक यादी, डिक्शनरी, मोठं गणित, सगळं कंसात टाका आणि वाटेल तिथे एंटर मारा.

>>> एकूण_खर्च = (भाडं
...     + किराणा
...     + वीज)

इथे शेवटी रिकामी ओळही लागत नाही, कंस बंद झाला की वाक्य संपलं. बॅकस्लॅश देऊनही ओळ पुढे नेता येते पण मी ते टाळतो, कारण बॅकस्लॅशनंतर चुकून एक स्पेस पडली तरी एरर, आणि ती स्पेस दिसत नाही.

सगळं एका ओळीत सेमीकोलन लावून लिहिलं तर?

साधी वाक्यं असतील तर चालतं. पण क = ५; फॉर ... असं नाही चालत, सेमीकोलननंतर फॉर, इफ, डेफ सुरू करता येत नाही. फॉर नाव इन यादी: प्रिंट(नाव) असं एका ओळीत मात्र चालतं, फक्त त्यालाही शेवटी ते जास्तीचं एंटर लागतंच.

सहाव्या ओळीत चूक कळली, आता पहिल्यापासून सगळं परत टाइप करायचं?

जुन्या प्रॉम्प्टवर जवळजवळ हो. वरचा बाण दाबून एकेक ओळ परत आणायची, एंटर, परत वरचा बाण, असं करत सहा ओळी. हातांना व्यायाम.

७ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या ३.१३ मध्ये हा प्रॉम्प्टच नवीन दिला, पायपाय (पायथन चालवणारा दुसरा एक प्रोग्राम) प्रोजेक्टमधल्या कोडवर बेतलेला. त्यात वरचा बाण दाबला की अख्खा ब्लॉक परत येतो, आत बाणांनी फिरून पाहिजे ती ओळ दुरुस्त करायची. एफ ३ दाबलं की पेस्ट मोड, त्यात रिकाम्या ओळी असलेला क्लास बिनधास्त टाका, परत एफ ३ दाबून बाहेर. एफ २ दाबलं की आतापर्यंत टाइप केलेलं सगळं >>> आणि ... शिवाय दिसतं, ते फाइलमध्ये कॉपी करायला फार बरं पडतं. एक्झिटला कंस लावायची कटकटही गेली. पटलं नाही तर पायथन_बेसिक_आरईपीएल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करून जुना प्रॉम्प्ट परत मिळतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये जुनंच व्हर्जन असेल तर आधी बघून घ्या, पायथन चालू केल्यावर पहिल्याच ओळीत आकडा असतो.

नोट्सच्या पीडीएफमधून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं की भलत्याच एरर येतात.

एररमध्ये यू+२०१सी किंवा यू+२०१डी असं दिसतंय का? मग ती वळणदार अवतरणं आहेत, वर्डने सुंदर करून दिलेली, पायथनला सरळ उभी लागतात. यू+००ए० असेल तर ती स्पेससारखी दिसणारी पण स्पेस नसलेली खूण आहे, पीडीएफ आणि वेबपेजवरून येते. आणि पीडीएफमधून कॉपी करताना डावीकडची स्पेस कित्येकदा उडूनच जाते, तिथे हातानेच बसवावी लागते. आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकून नीट करा, मग प्रॉम्प्टवर. नोट्समधले >>> सुद्धा सोबत कॉपी झाले असतील तर ते काढा, नाहीतर पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर.

आयपायथन वापरू का?

वापरा. फर्नांडो पेरेझ ह्यांनी २००१ मध्ये सुरू केलेला, जास्त सोयींचा पायथन प्रॉम्प्ट आहे आणि ज्युपिटर (ब्राउझरमध्ये कोड लिहायची वही) त्यातूनच पुढे आलं. कॉपीतून आलेले >>> तो स्वतःच गाळतो, मधल्या रिकाम्या ओळी पचवतो. कंट्रोल ओ ने रन न करता नवी ओळ मिळते. %सीपेस्ट लिहून मग पेस्ट करा आणि शेवटी एका ओळीत दोन डॅश, की सगळं एकदम रन. ज्युपिटर किंवा कोलॅबमध्ये तर हा विषयच नाही, सेलमध्ये पन्नास ओळी लिहा आणि शिफ्ट एंटर.

मग प्रॉम्प्टवर किती ओळींपर्यंत लिहावं?

माझा हिशोब पाचसहा ओळी. त्याच्या पुढे गेलं की मी फाइल करतो आणि डॅश आय लावून चालवतो, म्हणजे कमांड लाइनवर पायथन, मग डॅश आय, मग फाइलचं नाव. फाइल रन होते आणि नंतर बंद न होता >>> येतो, फाइलमधली सगळी फंक्शनं हाताशी. एकूण(४०, ३) करून बघायचं, चुकलं तर फाइल सुधारायची, परत चालवायचं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते पेस्टशी झगडत बसतात.

जावा, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) वगैरेमध्ये काय करतात?

कंसवाल्या भाषांमध्ये त्रास कमी, कंस बंद होईपर्यंत ते थांबतात. नोडमध्ये .एडिटर लिहिलं की निवांत बऱ्याच ओळी टाकता येतात, शेवटी कंट्रोल डी. जावाचा प्रॉम्प्ट, म्हणजे जेशेल, २०१७ मध्ये जावा ९ बरोबर आला, त्यात /एडिट आहे. आर भाषेत ... ऐवजी + दिसतं, बाकी कहाणी तीच.

व्हेरिएबल खरंच मराठीत चालतात?

हो, ३.० पासून. बेरीज, नाव, रक्कम, सगळं चालतं. इन्ट('१२') केलं तर बारा मिळतात, पण थेट देवनागरी १२ लिहिलं तर एरर. टर्मिनलवर काना-मात्रांमुळे कर्सर एकदोन घरं इकडेतिकडे दिसतो, त्यामुळे मधली ओळ दुरुस्त करताना जरा जपून.

एक खास आपला घोळ आहे. पायऱ्या असं व्हेरिएबल ठेवलं आणि यू+२००डी वाली एरर आली, तर तुमच्या कीबोर्डने तो ऱ्या बनवताना मध्ये न दिसणारी जोडखूण घातलीय, पायथनला ती नावात चालत नाही. दुसऱ्या कीबोर्डवर तोच शब्द बिनबोभाट चालतो कारण तिथे नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो. दिसायला दोन्ही हुबेहूब. अशा वेळी मी सरळ जिना असं नाव देतो.